एका दिवसाची सफर, अर्धाच इतिहास

सप्टेंबर २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचे नाव श्री विजयपुरम् झाले. पण अबर्डीन धक्क्यावरची सकाळ अजून पूर्वीसारखीच उजाडते. तिकिटांच्या खिडकीपुढे रांगा, केशरी जीवरक्षक जाकिटे अंगावर चढवताना होणारी मुलांची धांदल, आणि आपापल्या गटाला हाका मारणारे वाटाडे. या गर्दीत मराठी कुटुंबे हमखास असतात. आदल्या दिवशी सेल्युलर जेलमध्ये स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या कोठडीसमोर माथा टेकून, डोळे पुसत ती बाहेर आलेली असतात. दुसऱ्या दिवशीचा कार्यक्रम मात्र मौजेचा असतो. नावेने जायचे, भग्न वास्तू आणि हरणे पाहायची, पुढे नॉर्थ बेच्या किनाऱ्यावर प्रवाळ पाहायचे आणि सूर्यास्तापूर्वी परतायचे. पंधरा-वीस मिनिटांत नाव बेटाला लागते. कालपरवापर्यंत त्याला रॉस म्हणत. ३० डिसेंबर २०१८ पासून ते नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप आहे.

धक्क्यावर उतरताच काँक्रीटचा एक बसका खंदक दिसतो. त्याच्या अरुंद फटीतून समुद्रावर नजर ठेवता येते. ‘हा जपानी बंकर,’ असे वाटाड्या सांगतो, मुले आत डोकावतात, छायाचित्रे निघतात आणि घोळका पुढे सरकतो. जेमतेम दोन मिनिटे! उरलेला वेळ पिंपळवर्गीय वृक्षांच्या मुळ्यांनी कवटाळलेल्या चर्चच्या भिंती, मुख्य आयुक्तांचा बंगला, नृत्यगृह, बेकरी आणि पाणी शुद्ध करण्याचे यंत्र पाहण्यात जातो. इंग्रज साहेब या बेटाला ‘पूर्वेचे पॅरिस’ म्हणत असे अभिमानाने सांगितले जाते. हे पॅरिस कोणाच्या पाठीवर उभे राहिले, हे सांगणारा एखादाच. आणि त्या दोन मिनिटांत आटोपलेल्या बंकरमागे साडेतीन वर्षांची जी कहाणी उभी आहे, ती सांगणारा तर क्वचितच भेटतो.

ही कहाणी सांगितली गेली पाहिजे. ती अवघड आहे, आणि म्हणूनच तर ती सांगितली पाहिजे.

या बेटाचा प्रारंभच बेड्यांच्या आवाजाने झाला. सत्तावनच्या स्वातंत्र्यसमरानंतर १० मार्च १८५८ रोजी डॉ. वॉकर दोनशे बंदिवानांना घेऊन अंदमानला पोहोचला. लवकरच वसाहतीचे मुख्य ठाणे रॉस बेटावर आले. तिथले घनदाट रान त्या बंदिवानांनी तोडले आणि साहेबांचे बंगले त्यांनीच बांधले. पुढे ऐंशीहून अधिक वर्षे समोरच्या किनाऱ्यावरच्या हजारो बंद्यांचे भवितव्य या चिमुकल्या बेटावरून ठरत होते. बाबाराव आणि तात्याराव हे सावरकर बंधू ज्या कारागृहात कोलू ओढत होते, त्याचा अंतिम हुकूमही इथूनच निघे. २६ जून १९४१ च्या भीषण भूकंपाने बेट हादरले, इमारती खिळखिळ्या झाल्या आणि राज्यकारभार समोरच्या किनाऱ्यावर गेला. नऊ महिने जेमतेम लोटले, तोच युद्ध दारात येऊन उभे ठाकले.

२३ मार्च १९४२ रोजी जपानी सैन्य अंदमानात उतरले. सिंगापूर आणि रंगून आधीच पडले होते. इंग्रजांनी आपली फौज आणि बहुतेक अधिकारी वेळीच काढून नेले. मागे राहिली ती इथली प्रजा. तिच्यात जन्मठेपीच्या बंद्यांची इथेच जन्मलेली मुले-नातवंडे होती, व्यापारी, कारकून, शिक्षक आणि मजूर होते. ज्यांनी आयुष्यभर ‘आम्ही तुमचे रक्षणकर्ते’ म्हणून मिरवले, त्यांनी एका रात्रीत पाठ दाखवली. बंदुकीची एक गोळीही न झाडता बेटे जपानच्या हाती पडली. आशियातले एक स्वतंत्र राष्ट्र गोऱ्या साम्राज्याला धूळ चारत आहे, या जाणिवेने अनेकांच्या मनात आशा पालवली असेल, तर त्यात नवल नाही. परंतु ती आशा फार दिवस टिकली नाही. घरात शिरलेल्या सैनिकांवर छऱ्यांची बंदूक चालवणाऱ्या झुल्फिकार अली नावाच्या तरुणाला भर मैदानात, लोकांदेखत हालहाल करून गोळी घालण्यात आली. नव्या राज्यकर्त्यांचा परिचय असा झाला.

या साऱ्याच्या पार्श्वभूमीवर आली ती डिसेंबर १९४३ ची सोनेरी घटना. २१ ऑक्टोबर १९४३ रोजी नेताजींनी सिंगापुरात आझाद हिंद सरकारची स्थापना केली होती. नोव्हेंबरात तोक्योच्या परिषदेत जपानचे पंतप्रधान तोजो यांनी अंदमान आणि निकोबार ही बेटे या सरकारच्या स्वाधीन करण्याची घोषणा केली. २९ डिसेंबरला नेताजींचे विमान अंदमानात उतरले. दुसऱ्या दिवशी, ३० डिसेंबर १९४३ रोजी, जिमखाना मैदानावर त्यांनी तिरंगा फडकवला. हिंदुस्थानच्या भूमीवर, हिंदुस्थानच्या स्वतंत्र सरकारच्या नावाने! बेटांना ‘शहीद’ आणि ‘स्वराज’ ही नावे त्यांनी दिली. ज्या भूमीला इंग्रजांनी काळे पाणी केले, तिला त्यांनी तीर्थ केले. नेताजींचा मुक्काम रॉस बेटावर होता आणि सेल्युलर जेललाही त्यांनी भेट दिली. पंचाहत्तर वर्षांनी, त्याच तारखेला, त्या बेटाला त्यांचे नाव मिळाले. नील बेट शहीद द्वीप झाले, हॅवलॉक स्वराज द्वीप झाले. २३ जानेवारी २०२३ रोजी एकवीस बेटांना परमवीरचक्र मिळवणाऱ्या वीरांची नावे देण्यात आली आणि नेताजी द्वीपावर उभारावयाच्या राष्ट्रीय स्मारकाच्या प्रतिकृतीचे अनावरण झाले. ज्यांनी दीर्घकाळ नेताजींना विस्मृतीच्या कोनाड्यात ढकलले, त्यांच्या मानाने हे परिमार्जन फार मोठे आहे. त्याचे स्वागत करताना हात आखडता घेण्याचे काहीच कारण नाही.

परंतु इतिहास तिथेच थांबत नाही.

नेताजी ज्या सेल्युलर जेलला वंदन करण्यासाठी गेले, त्याच कारागृहात त्या दिवशी डॉ. दिवाणसिंग नावाचा एक देशभक्त जपान्यांच्या कैदेत होता. डॉ. दिवाणसिंग हे वैद्यक व्यवसायातले, पंजाबी काव्यात मुक्तछंदाची वाट चोखाळणारे कवी. ‘वगदे पाणी’ हा त्यांचा संग्रह १९३८ चा. अंदमानातील इंडियन इंडिपेंडन्स लीगचे ते अग्रणी होते. गुरुद्वाराची वास्तू जपानी सैन्याच्या वापरासाठी देण्यास त्यांनी नकार दिला, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. ऑक्टोबर १९४३ मध्ये हेरगिरीचा आळ घेऊन त्यांना पकडण्यात आले. सुमारे ब्याऐंशी दिवसांच्या अनन्वित छळानंतर १४ जानेवारी १९४४ रोजी त्यांनी प्राण सोडला. मकरसंक्रांतीच्या दिवशी!

त्यानंतर सोळा दिवसांनी, ३० जानेवारी १९४४ रोजी, हंफ्रीगंज येथे चव्वेचाळीस माणसांना ओळीने उभे करून गोळ्या घालण्यात आल्या. त्यांच्यावरही आरोप हेरगिरीचाच होता. त्यांतले बहुतेक जण इंडियन इंडिपेंडन्स लीगशी संबंधित होते. म्हणजे ज्या चळवळीच्या बळावर नेताजी उभे होते, तिचेच कार्यकर्ते. जिमखाना मैदानावर तिरंगा फडकल्याला त्या दिवशी बरोबर एक महिना झाला होता.

हे का घडले? त्याचे उत्तर युद्धाच्या कपटात आहे. १९४३ च्या जानेवारीपासून इंग्रजांच्या गुप्त तुकड्या पाणबुडीतून अंदमानच्या निर्जन किनाऱ्यावर उतरत होत्या. ‘बाल्डहेड’ या सांकेतिक नावाची ही मोहीम होती, आणि तिचे नेतृत्व अंदमानातच नोकरी केलेल्या एका पोलीस अधिकाऱ्याकडे होते. या तुकड्या रानात दडून बातम्या पाठवीत. जपानी जहाजे बुडू लागली, तेव्हा आरमाराचा संशय रानाकडे न जाता वस्तीकडे वळला. खरे हेर सापडले नाहीत; मग सापडतील त्यांना हेर ठरवण्यात आले. मारहाण करून कबुलीजबाब घ्यायचा, त्या जबाबात आलेल्या नव्या नावांना पकडायचे, पुन्हा मारहाण. अशा एकामागून एक खटल्यांतून अंदमानातला शिकला-सवरलेला, पुढारपण करू शकणारा वर्गच जवळजवळ निवटला गेला. हंफ्रीगंज हे त्या साखळीतले सर्वांत रक्तरंजित कडे होते.

मग आझाद हिंद सरकारचा अंमल कुठे होता? हा प्रश्न विचारणे म्हणजे नेताजींचा अवमान करणे नव्हे. नेताजींनी लेफ्टनंट कर्नल ए. डी. लोगनाथन यांची बेटांचे मुख्य आयुक्त म्हणून नियुक्ती केली. फेब्रुवारी १९४४ मध्ये ते अंदमानात पोहोचले. परंतु जपानी आरमाराने पोलीस खाते आणि खरी सत्ता त्यांच्या हाती कधीच दिली नाही. शिक्षणासारखे एखादे खाते सोपवून त्यांची बोळवण करण्यात आली. त्याच वर्षी व्यथित होऊन ते परतले. दिलेले दान कागदावर राहिले आणि तलवार दात्याच्याच हाती राहिली. पुढे १९४५ मध्ये दोस्तांच्या नाकेबंदीमुळे अन्नधान्य संपत आले, तेव्हा ‘निरुपयोगी तोंडे’ कमी करण्यासाठी शेकडो माणसांना जहाजात घालून, ‘शेती करायला नेतो’ असे सांगून हॅवलॉककडे नेण्यात आले आणि किनाऱ्यापासून दूर समुद्रात लोटून देण्यात आले. त्यांतले फारच थोडे किनारा गाठू शकले, आणि त्यांतलेही बहुतेक भुकेने गेले. ज्या बेटाला आज स्वराज द्वीप म्हणतात, आणि ज्याच्या शुभ्र वाळूवर नवपरिणीत दांपत्ये छायाचित्रे काढून घेतात, त्याच्या पाण्यात ही माणसे आहेत.

९ ऑक्टोबर १९४५ रोजी, ज्या जिमखाना मैदानावर नेताजींनी ध्वज उभारला होता तिथेच, जपानी व्हाइस अॅडमिरल हारा यांनी शरणागती पत्करली. युद्धानंतर या अत्याचारांबद्दल सिंगापुरात खटलेही चालले. अंदमानच्या घराघरांत मात्र न्यायाच्या आधी मौन येऊन बसले. ज्यांचे बाप, आजे गेले, ती कुटुंबे दरवर्षी ३० जानेवारीला हंफ्रीगंजच्या स्मारकापाशी जमतात. उभा देश त्या दिवशी हुतात्मा दिन पाळतो. अंदमानात त्या तारखेला चव्वेचाळीस नावे अधिक आहेत.

आता प्रश्न असा की, हे सारे एका दिवसाच्या सहलीत सांगायचे तरी कशाला? लोक चार दिवस विसाव्यासाठी येतात, त्यांच्या आनंदात विरजण का घालायचे? हा आक्षेप सौम्य आहे. त्याहून गंभीर आक्षेप दुसरा आहे, आणि तो राष्ट्रीय विचारांच्या मंडळींकडूनच दबक्या आवाजात घेतला जातो. जपान्यांचे अत्याचार फार उगाळले तर नेताजींच्या कार्याला उणेपणा येतो, त्यांच्या विरोधकांच्या हाती कोलीत मिळते. तेव्हा तिरंगा सांगावा आणि हंफ्रीगंज गाळावे.

हा युक्तिवाद सद्हेतूने केला जात असला तरी तो घातक आहे. नेताजींचे विरोधक हंफ्रीगंजचा वापर त्यांना ‘जपानचे हस्तक’ ठरवण्यासाठी करतात, हे खरे. पण त्याला उत्तर सत्य लपवणे हे नव्हे. पूर्ण सत्य सांगणे हे आहे. पूर्ण सत्य असे की, नेताजी तीन दिवसांचे पाहुणे होते, त्यांना काय दाखवायचे आणि काय नाही हे जपानी आरमार ठरवीत होते, आणि त्यांच्या प्रतिनिधीच्या हाती दंडसत्ता कधी आलीच नाही. पूर्ण सत्य असेही की, मारले गेलेले त्यांचेच अनुयायी होते. त्या चव्वेचाळीस जणांना विसरून जो नेताजींचा गौरव करू पाहतो, तो नेताजींच्याच माणसांना दुसऱ्यांदा मारतो. नेताजींचे चारित्र्य इतके तकलादू नाही, की एका स्मारकाच्या उल्लेखाने त्याला तडा जावा.

महाराष्ट्राला तर ही गोष्ट अधिक उमगायला हवी. २००४ मध्ये सेल्युलर जेलच्या आवारातील स्वातंत्र्यज्योतीवरून सावरकरांच्या वचनाचा फलक तत्कालीन केंद्रीय पेट्रोलियम मंत्र्यांनी हटवला, तेव्हा मराठी मन पेटून उठले होते. त्या संतापाचे मर्म काय होते? एका फलकाची जागा हा तिथे मुद्दा नव्हता. आपल्याला अडचणीचा वाटणारा इतिहास पुसून टाकण्याचा अधिकार कोणत्याही सत्तेला नाही, हा त्याचा अर्थ होता. तो न्याय एकाच बाजूला लावता येत नाही. जो पुसलेल्या अक्षरांसाठी लढला, त्याने न लिहिलेल्या अक्षरांसाठीही अस्वस्थ झाले पाहिजे. हंफ्रीगंजच्या नावांत हिंदू आहेत, मुसलमान आहेत, शीख आहेत. अनेक प्रांतांतून आलेल्या बंद्यांची ती लेकरे आहेत. हुतात्म्यांची यादी करताना कोण कोणाच्या गोळीने पडला, यावर त्यांचे मोल ठरत नसते.

या इतिहासात आणखी एक धडा आहे आणि तो आजच्या पिढीच्या उपयोगाचा आहे. पाहुण्याच्या काठीने साप मारता येतो, अशी आपल्याकडे म्हण आहे. पण काठी ज्याच्या हातात, त्याचाच शब्द चालतो, हे अंदमानने दाखवले. इंग्रज गेले ते प्रजेला वाऱ्यावर सोडून. जपानी आले ते मुक्तिदात्याचे सोंग घेऊन. दोघांच्याही हिशेबात अंदमानचा माणूस कुठेच नव्हता. वर्ण, खंड किंवा शत्रूचा शत्रू या नात्याने कोणी कोणाला स्वातंत्र्य आणून देत नाही. ज्या भूमीचे रक्षण तिची स्वतःची सेना करते, तीच भूमी स्वतंत्र असते. आज त्या बेटांवर भारताच्या तिन्ही सेनादलांचे संयुक्त ठाणे आहे. २००१ मध्ये स्थापन झालेल्या अंदमान-निकोबार कमांडचे महत्त्व समजून घ्यायचे असेल, तर त्या बंकरपाशी दोन मिनिटांपेक्षा अधिक थांबले पाहिजे.

उपाय अवघड नाहीत आणि खर्चिकही नाहीत. नेताजी द्वीपावरच्या प्रत्येक जपानी बंकरजवळ, तो कधी बांधला, कशासाठी बांधला आणि त्या काळात समोरच्या किनाऱ्यावर काय चालले होते, हे सांगणारा फलक उभा राहावा. वाटाड्यांच्या प्रशिक्षणात १९४२ ते १९४५ हा कालखंड आवश्यक विषय व्हावा. नेताजी द्वीपावरच्या नियोजित राष्ट्रीय स्मारकात डॉ. दिवाणसिंग आणि हंफ्रीगंजचे हुतात्मे यांना मानाचे दालन असावे; नेताजींच्या स्मारकात त्यांच्या कार्यकर्त्यांना जागा नसेल तर ती असणार कुठे? आणि महाराष्ट्रातून अंदमानला सहली नेणाऱ्या संस्थांनी, ज्या सावरकरांच्या नावावर प्रवासी जमवतात, हंफ्रीगंजचा अर्धा तास आपल्या कार्यक्रमात घालावा. प्रवाळ पाहण्यातला अर्धा तास कमी झाल्याने कोणाचे काही बिघडत नाही.

शासनाने करावयाचे ते शासन करील. कुटुंबाने करावयाचे कुटुंबानेच केले पाहिजे. अंदमानला निघण्यापूर्वी घरातल्या मुलांना हा इतिहास आई-वडिलांनी, आजी-आजोबांनी सांगावा. ज्या वीर सावरकर विमानतळावर पाऊल ठेवायचे, तिथली पहिली धावपट्टी जपान्यांनी स्थानिकांना वेठीला धरून बनवून घेतली, हे त्यांना ठाऊक असावे. नावेतून उतरल्यावर बंकरच्या फटीतून मुलगा समुद्राकडे पाहील, तेव्हा त्या फटीतून बाहेर पाहणाऱ्या शिपायाइतकाच, त्याच्या पाठीमागे वस्तीत भीतीने दार लावून बसलेला माणूसही त्याला दिसला पाहिजे.

संध्याकाळी नावा परत फिरतात. मावळतीच्या प्रकाशात समोर सेल्युलर जेलच्या उरलेल्या तीन भुजा दिसू लागतात. त्या भिंतींनी इंग्रजांचा कोलू पाहिला, नेताजींचे वंदन पाहिले आणि डॉ. दिवाणसिंगांचा अखेरचा श्वासही पाहिला. भिंती निवड करत नाहीत. त्यांनी सारेच जपून ठेवले आहे. त्यांच्यापुढे नतमस्तक होणाऱ्यांनीही निवड करू नये. ३० डिसेंबरचा तिरंगा आणि ३० जानेवारीच्या गोळ्या या दोन्ही तारखा एकाच दिनदर्शिकेवर मांडण्याचे धैर्य ज्या समाजात असते, त्या समाजाच्या देशभक्तीला कोणी आव्हान देऊ शकत नाही.